हेकळीची काटी

नाताळ जवळ आला की आमच्या शेजारच्या मार्थाबाई दाराला एक हिरवं कडं लावतात. प्लॅस्टिकचंच, पण झोकदार. काटेरी कडांची चकचकीत पानं आणि मधेमधे लालभडक फळांचे घोस. आठ-दहा वर्षं त्या ते लावताहेत आणि आठ-दहा वर्षं मी ते बघते आहे. पहिल्या वर्षी मी त्यांना विचारलं होतं, "बाई, दाराला काटे कशाला लावता?" त्या हसल्या. म्हणाल्या, "अहो, हॉली आहे ती. थंडीत बाकीची झाडं वाळली तरी ही हिरवी राहते. येणाऱ्याच्या स्वागताला लावायची." मी मान डोलावली, पण घरात येऊन बराच वेळ धुतलेलीच भांडी पुन्हा धूत बसले. दाराला काटे लावून कुणी कुणाला बोलावतं, हे माझ्या डोक्यात शिरेना. आमच्या गावाकडे दाराला काटी लागली की समजायचं, घरात कुणी नाही.

हॉली मी पाहिलेली नाही. पाहायची फारशी इच्छाही नाही. तिच्या जागी आपल्याकडचं काही उभं करायचंच झालं, तर मी हेकळ उभी करीन. नगरच्या कोरड्या पट्ट्यात, मुरमाड माळावर, बांधाच्या कडेला, ओढ्याच्या दरडीवर ती असतेच. बोरीला सगळे ओळखतात, कारण बोरं खाता येतात. बाभळीला मान आहे, कारण तिचं लाकूड औताला चालतं. हेकळीला कुणी विचारत नाही. शेळ्या तेवढ्या तिच्यावर जीव टाकतात, आणि गावात कुणाला कावीळ झाली की तिच्या कोवळ्या पाल्याची आठवण निघते. कावीळ उतरली की माणूस तिला विसरून मोकळा.

पण जरा थांबून बघावं तिच्याकडे. पान जाड, चिवट, टोकाला किंचित खाच पडलेलं. भर उन्हाळ्यातसुद्धा ती ते सोडत नाही. काटा बोटभर लांब आणि सरळ. आणि गंमत म्हणजे हेकळीचा काटा नुसता काटा नसतो. त्या काट्यालाच पानं फुटतात, त्या काट्यावरच फुलांचे झुबके येतात. बाकीची झाडं काटे एकीकडे ठेवतात, फुलं एकीकडे. हिला ही वाटणी कधी जमलीच नाही. फुलं बारीक, पांढरी, कण्या उधळल्यासारखी. दिवाळीनंतर यायला लागतात आणि संक्रांतीपर्यंत अख्खं झुडूप पांढरं होतं. वास मात्र कुणाला आवडेल असा नाही. गोडसर, थोडा शिळा, आंबायला ठेवून विसरलेल्या पिठाच्या जवळपासचा. त्यावर माश्या घोंगावतात, मधमाश्या येतात, आणि मी येते.

नागापूरला आमच्या सोसायटीच्या मागे एक मोकळा प्लॉट आहे. पलीकडे कारखान्यांच्या भिंती, अलीकडे आमच्या गॅलऱ्या, आणि मधे कुणीही न लावलेल्या तीन हेकळी. दोन वर्षांपूर्वी चेअरमनांनी ठराव मांडला, हे काटेरी रान काढून तिथे शोभेची झाडं लावू. मी उभी राहिले आणि म्हणाले, "शोभेची आहेतच की." सगळे हसले. चेअरमन म्हणाले, "मॅडम, तिथं साप निघतील." मी म्हटलं, "निघाले तर मला हाक मारा." शाळामास्तरणीशी वाद घालण्यात अर्थ नाही हे बहुतेक त्यांना त्यांच्या बायकोकडून माहीत असावं. त्या ठरावाचं पुढे काही झालं नाही. हेकळी राहिल्या. त्या राहाव्यात म्हणून मी एवढी का भांडले, हे तेव्हा मला कुणी विचारलं असतं तर मी सावली, पाखरं, माती असलं काहीतरी सांगितलं असतं. खरं कारण सांगितलं नसतं.

पौषात गॅलरीचं दार उघडलं की तो वास आत येतो. तो आला की मी नऊ वर्षांची होते. माझी इच्छा असो नसो.

मिरजगावच्या पूर्वेला, डांबरी रस्ता सोडून आत गेलं की आमची वस्ती. दसरा झाला की तिथे ट्रक लागायचे. ऊसतोडीला निघालेली माणसं त्यात चढायची. भांडी, पीठ, गोधड्या, कोंबड्या, तान्ही मुलं आणि दोन-दोन कोयते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असंच मोजायचे. आई आणि आबा हाही एक कोयताच होता. बैलगाडीवाले आधी निघायचे, ट्रकवाले मागून. मग गाडी पार दिसेनाशी झाली तरी धूळ तेवढी रस्त्यावर थांबायची.

निघण्याआधी घर बंद करायचं. कुलूप आमच्याकडे नव्हतं आणि कुलपात ठेवण्यासारखंही काही नव्हतं. आई सारवण करायची, चुलीतली राख काढायची, दाराची कडी लावायची आणि मग हेकळीची एक मोठी फांदी तोडून आणून उंबऱ्यावर आडवी लावायची. हिलाच आम्ही काटी म्हणतो. कुत्री, शेळ्या, डुकरं आत शिरू नयेत म्हणून ती असते, हे तर झालंच. पण तिची एक रीतही होती. बुंधा उजव्या हाताला, शेंडा डाव्या हाताला. साऱ्या वस्तीत तशीच. आणि ज्या हातानं काटी लागली त्याच हातानं ती निघायची. चैत्रात माणसं परत आली, की आधी बाई पुढे होऊन काटी काढायची, मग बाकीचे उंबरा ओलांडायचे. मधल्या काळात तिला कुणी हात लावायचा नाही.

त्या वर्षी मी पहिल्यांदा मागे राहिले. त्याआधी मी दरवर्षी आईबरोबर फडावर जायची आणि दरवर्षी तोच वर्ग पुन्हा सुरू करायची. आईनं तेव्हा पाय रोवले. आबांना म्हणाली, "हिच्या हातात कोयता द्यायचा न्हाई. हिला थोरल्या जावंकडं ठिवा. शिकू द्या." थोरली काकू म्हणजे आबांच्या वारलेल्या भावाची बायको. वस्तीच्या दुसऱ्या टोकाला राहायची, शेळ्या राखायची, म्हणून तोडीला जात नव्हती. माणूस सोन्याचं, हात मात्र खरखरीत आणि जीभ त्याहून.

ट्रक बाहेर उभा होता. मुकादम ओरडत होता. आईनं काटी लावली, पदराला हात पुसले आणि माझ्यासमोर उकिडवी बसली. मला वाटलं, आता जवळ घेईल. ती म्हणाली, "काटीला हात लावायचा न्हाई, मंदे. आमी आलो की मीच काढीन. मधी कुनी हालवली तर गेलेल्याची वाट मोडती." मग तिनं जवळ घेतलं. तिच्या बोटाला काटा लागून रक्त आलं होतं आणि ते माझ्या फ्रॉकला लागलं. तिला ते दिसलं नाही. मी पण बोलले नाही.

माणसं गेल्यावर वस्ती कशी होते, हे न पाहिलेल्याला सांगणं अवघड आहे. घरं तिथंच असतात. चुली तिथंच, जाती तिथंच. पण ओळीनं सगळ्या दारांना काट्या. हेकळीचा पाला तोडल्यावरही बरेच दिवस हिरवा राहतो, त्यामुळे पहिले काही आठवडे त्या दारांना पानं फुटल्यासारखी वाटायची. एका दाराच्या काटीवर तर कळ्या होत्या, त्या तशाच उमलल्या. मागे राहिलेली म्हातारी माणसं एकमेकांशी मोठ्यानं बोलायची, उगीचच. कोंबडा आरवला तर कुणाचा ते सांगता यायचं, कारण दोनच होते. शाळेतून येताना मी त्या दारांच्या समोरून चालायची आणि मला वाटायचं, आत सगळे आहेत. श्वास रोखून बसलेत. मी पुढे गेले की बोलायला लागतील. एकदा मी आमच्या घरासमोर अशी किती वेळ उभी होते कोण जाणे, काकूनं मागून येऊन दंडाला धरून ओढलं. "रिकाम्या घराकडं बघत उबं ऱ्हाऊ नगं," ती म्हणाली. "घर वळख धरतं."

मला तेच हवं होतं. घरानं मला ओळखावं. दुसरं कोण होतं तिथे ओळखायला?

आता मी स्वतः शाळेत शिकवते. दिवाळीनंतर माझ्याही वर्गातली काही मुलं दिसेनाशी होतात. हजेरी घेताना मी त्यांची नावं गाळत नाही. नाव घेते, थोडं थांबते, पुढे जाते. मुलं कंटाळतात. एकीनं विचारलंच, "बाई, तो न्हाईये हे माहिती असून तुम्ही रोज का हाक मारता?" मी तिला म्हटलं, "तू बस खाली." कधीकधी शिक्षकाला एवढं एकच उत्तर येतं.

भोगीचा दिवस होता. संक्रांतीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बायका-मुलींनी डोक्यावरून न्हायचं असतं. काकूनं मला चुलीपाशी बसवून शिकेकाईनं घसघसून न्हाऊ घातलं आणि मग तिची उवांची फणी घेतली. बारीक दातांची. दोनदा फिरवल्यावर माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. काकू म्हणाली, "रडती कशाला? केसं हायेत का कडबा?" आणि शेळ्यांनी काहीतरी घोळ घातला म्हणून तशीच उठून गेली. मी ओल्या, गुंतलेल्या केसांनी अंगणात उभी. आईची फणी लाकडाची होती, जाड दातांची. ती कोनाड्यात असते हे मला माहीत होतं. मला फक्त फणी हवी होती. निदान स्वतःला मी तसं सांगितलं.

भर दुपार. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आमच्या घरामागची हेकळ पांढरीशुभ्र झालेली, आणि तो वास. मी काटी धरली आणि ओढली. सोपी नव्हती. मनगटावर तीन ठिकाणी ओरखडे आले. कडी काढली आणि आत गेले.

आत थंडगार होतं आणि सारवणाचा वास अजून शिल्लक होता. वळणीवर आईचं घरात नेसायचं जुनं लुगडं होतं. आधी मी फणी घेतली, आरशासमोर भुईवर बसले आणि हळूहळू केस विंचरले. मग कुंकवाची डबी उघडली. आई लावायची तसं मोठं कुंकू लावलं, नीट झालं का बघायला आरशाला बोट टेकलं. मग लुगडं ओढून घेतलं, भुईवर अंथरलं आणि त्यावर आडवी झाले. त्याला तिचा वास होता. घामाचा, धुराचा, तेलाचा. मी मोठ्यानं म्हटलं, "आई." रिकाम्या घरात हाक फिरून माझ्याकडेच आली आणि ती माझ्या आवाजात नव्हती, असं मला तेव्हा वाटलं. शपथेवर सांगावं इतकं खरं वाटलं.

मी उठून पळाले. दार ओढलं, कडी लावली, काटी कशीबशी उंबऱ्यावर उभी केली आणि मागे न बघता काकूचं घर गाठलं. कपाळावरचं कुंकू वाटेत थुंकी लावून पुसलं. काकूनं मनगट बघितलं आणि विचारलं, तर शेळीच्या मागे गेले होते म्हणून सांगितलं. संध्याकाळी ध्यानात आलं की फणी भुईवरच राहिली, डबी उघडीच राहिली, लुगडं तसंच पसरलेलं राहिलं. पण परत जायची हिंमत नव्हती.

भोगी झाली. संक्रांत झाली. तिसऱ्या दिवशी कर, म्हणजे किंक्रांत. करीला कुणी प्रवासाला निघत नाही, नवं काम काढत नाही. पण कारखान्याला कर माहीत नसते. उसानं भरलेली गाडी उताराला कलली आणि मोळ्यांवर बसलेली आई खाली आली. गाडी तिच्यावर.

मुकादमाचा माणूस मोटारसायकलवर निरोप घेऊन आला तेव्हा मी अंगणात पाटीवर पाढे लिहीत होते. काकूनं हंबरडा फोडला. मी रडले नाही. मी मनातल्या मनात दिवस मोजत होते. भोगी, संक्रांत, कर. मी काटी काढली आणि दोन दिवसांत वाट मोडली. एवढं सरळ गणित नऊ वर्षांच्या मुलीला येतं.

तिला तिकडेच नदीकाठी अग्नी दिला. मी तिला पाहिलं नाही. दहाव्यासाठी आबा गावी आले, तेव्हा ते आधी काकूकडे आले नाहीत. आधी आमच्या घरी गेले. हे मला काकूच्या बोलण्यातून कळलं. म्हणजे त्यांनी सगळं पाहिलं होतं. मग ते आले, ओट्यावर बसले, माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. त्या बघण्याचा मी एकच अर्थ लावला. यांना कळलंय. यांना कळलंय की मी काय केलं.

त्यानंतर आबांनी कोयता हातात धरला नाही. मिरजगावच्या बाजारात पोती वाहिली, लोकांची शेतं राखली, मला शिकवलं. मुळात कमी बोलणारा माणूस, तो आणखी कमी बोलायला लागला. लोकांनी दुसरं लग्न कर म्हणून किती सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही. घर सोडून कुठे मुक्कामही केला नाही. माझ्या लग्नात अक्षता पडल्या, जेवले आणि संध्याकाळच्या एसटीनं गावी परतले. सासरची माणसं नाराज झाली. मी झाले नाही. मला वाटलं, बरोबरच आहे, आईला घालवणाऱ्या मुलीच्या घरी कोण राहील. मी शिकले, डी.एड. केलं, नोकरी लागली, मुलं झाली. माझं मलाही समजत होतं की फांदीनं गाडी उलटत नाही. दिवसा समजत होतं आणि कुणाला सांगितलं असतं तर हसण्यावारी नेता आलं असतं. पण पौष आला, हेकळ फुलली, की ते समजणं कुठल्या कुठे जायचं. मार्थाबाईंच्या दारावरचं ते कडं बघितलं तरी माझं मनगट चुरचुरायचं. इतक्या वर्षांत एकदा तरी आबांनी मला त्यावरून बोलावं, ओरडावं, एक थोबाडीत द्यावी, असं मला फार वाटायचं. शिक्षा झाली की मूल मोकळं होतं, हे मी वर्गात रोज बघते. माझी शिक्षा कुणी देतच नव्हतं.

गेल्या श्रावणात आबा पडले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि चाळीस-बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना घराबाहेर मुक्काम करावा लागला. माझ्याकडे. नागापूरच्या दोन खोल्यांत ते पाहुण्यासारखे अवघडून राहतात. चहा दिला तर "कशाला तरास" म्हणतात. गॅलरीत बसून मागच्या हेकळींकडे बघतात. शब्द मोजून बोलतात, आणि त्यातले निम्मे घराविषयी असतात. घराला कोन हाय, घराचं दार कुनी बघितलं का. वॉकर घेऊन खोलीतल्या खोलीत चालताना त्यांची पाठ बघितली की मला कळतं, फार दिवस नाहीत.

म्हणून मी ठरवलं होतं. सांगायचं. तेही गप्प, मीही गप्प, असं करत एकानं उठून जायचं, हे काही खरं नाही. माफी मिळाली तर मिळाली. नाहीतर निदान बोलणी तरी खाईन.

या संक्रांतीला तीळगूळ हातात घेऊन आबा म्हणाले, "उद्या मला घरी ने."

"उद्या कर हाय आबा. करीला कोन भाईर पडतं?"

"मी दरसाल करीला घरीच असतो," ते म्हणाले. 

मी सुट्टी काढली. रिक्षावाल्याशी बोलून ठेवलं. सोलापूर रस्त्यानं मिरजगाव आणि तिथून आत. वस्ती आता तशी राहिलेली नाही. सिमेंटची घरं आहेत, दारांना कुलपं आहेत. तोडीला अजूनही माणसं जातात, पण काटी क्वचित दिसते. आमच्या घरामागची हेकळ मात्र केवढी झाली आहे. माणसाच्या दुप्पट उंच, खाली वाकलेली, पांढरी. माश्यांचा नुसता गुंजारव चालला होता. आबांनी तिच्याकडे बघून मान हलवली, ओळखीच्या माणसाकडे बघून हलवतात तशी.

मी कुलूप काढलं. आबा आत गेले, वॉकर भिंतीला लावला आणि मला न सांगता कोनाड्याकडे हात नेला. तिथून त्यांनी एक लाकडी फणी काढली. मग कुंकवाची डबी. कष्टानं वाकून दोन्ही आरशासमोर भुईवर ठेवलं. डबीचं झाकण उघडून बाजूला ठेवलं. मी दारातच उभी राहिले. 

"हे काय करताय आबा?"

"बस खाली," ते म्हणाले. "तुला येक सांगतो. आजपावतर कुनाला बोललो न्हाई. तू म्हनशील म्हातारं चळलं."

मी बसले. मला वाटलं, आता ते बोलणार. अखेर बोलणार. खरं सांगते, मला हलकंच वाटलं.

"तुझी आई गेली तव्हा मी गावात आलो आन आधी हितं आलो. दाराला काटी हुती. पर उलटी. बुंधा डाव्या हाताला. कुत्र्यानं वडली असती तर बाजूला पडली असती. वाऱ्यानं गेली असती तर कुटंतरी लांब घावली असती. ही नीट उभी केल्याली, पर उलटी. जितं मानूस काटी उलटी लावत न्हाई, मंदे. गेलेल्याचं समदं उलटं असतं. तव्हाच माझ्या काळजात लक्क झालं."

ते थांबले. श्वास लागला होता.

"आत आलो. फनी भुईवर. फनीत लांब क्येस. कुकवाची डबी उघडी, आरशाला कुकवाचं बोट. आन तिचं लुगडं भुईवर हातरल्यालं, मदी दबल्यालं. आंग टेकल्यावानी. फडातनं थेट हितं आली हुती ती. क्येस इचरले, कुकू लावलं, जरा आंग टेकलं आन गेली. मला भेटाय थांबली न्हाई. पर घराला भेटून गेली."

बाहेर माश्यांचा आवाज चालूच होता.

"म्हनून मी हे घर सोडलं न्हाई. लोकं म्हनली, दुसरी कर. म्हनलं, पैली येतीय जातीय, दुसरी कुटं बसवू? दरसाल करीला फनी-डबी काढून ठेवतो. पुन्यांदा काय आली न्हाई. पर येकदा आली हुती. लई झालं येकदा." ते हसले. माझ्या वडिलांना असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. दात नसलेल्या तोंडानं, लाजल्यासारखे. "तुला तव्हाच सांगनार हुतो. काकूच्या ओट्यावर बसून बघत हुतो तुज्याकडं. म्हनलं, लहान हाय, भेईल."

म्हणजे ते बघणं ते होतं. मी त्या बघण्याखाली उभं आयुष्य काढलं आणि ते बघणं ते होतं.

मग आबांचं हसू गेलं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. डोळ्यांत मोतीबिंदूचा सारा आलेला, पण नजर जुनीच.

"येकच कवाकवा मनात येतं," ते म्हणाले. "तू तवा गावातच हुतीस. काकूकडं. खरं सांग. तू तर न्हवतीस ना गेली घरात?"

किती वर्षं मी या प्रश्नाची वाट बघितली होती. उत्तर तोंडपाठ होतं. व्हय आबा, मीच. एवढे तीन शब्द, आणि मी सुटले असते. समोर भुईवर फणी होती. तिचे दोन दात तुटलेले. दरवर्षी काढून, पुसून, पुन्हा ठेवून तिचं लाकूड काळंभोर आणि गुळगुळीत झालं होतं.

"न्हाई आबा," मी म्हणाले. "मी कशाला जाऊ? आईनं बजावलं हुतं, काटीला हात लावू नको. आन काकू मला येकटीला कुटं सोडती?"

खोटं बोलणारी पोरं नेहमी एक कारण जास्तीचं देतात. वर्गात मी ते एका क्षणात पकडते. आबांनी पकडलं नाही.

"मग तीच," ते म्हणाले. आणि त्यांनी छाती भरून श्वास घेतला, एखादं पोतं खांद्यावरून उतरवल्यावर घ्यायचे तसा.

"तीच असंल," मी म्हणाले.

परतताना रिक्षात त्यांना झोप लागली. डोकं माझ्या खांद्यावर. इतक्या वर्षांत ते माझ्या इतक्या जवळ कधी बसले नव्हते. मी रडत होते आणि रिक्षावाला आरशातून बघून गाणं बारीक करत होता. त्या घरी येऊन गेलेली बाई नऊ वर्षांची होती, हे आता जगात मला एकटीलाच माहीत असणार. जिच्यापायी आई गेली असं मला वाटलं, तिच्यापायीच आबांना आई मिळाली. मला हसावं की काय करावं, अजून कळत नाही. पण मनात ठेवलेलं कुठेतरी काढून ठेवल्याशिवाय मला राहवत नाही, आणि सांगायला माणूस एकच होतं.

आबा आत्ता गॅलरीत ऊन खात बसलेत. मघाशी मान वळवून विचारलं, "एवडं काय लिवतीस सकाळपासनं?" मी म्हटलं, "शाळेचं हाय." ते बरं म्हणाले आणि पुन्हा बाहेर बघायला लागले. आबांना वाचता येत नाही. म्हणूनच हे लिहिता आलं.